हार घातलेल्यांचा कप्पा

मनवा तारीने अर्जाचा क्रमांक टाकला, तसा पडद्यावर बाबांचा फोटो आला. फोटोखाली एकच शब्द होता: ‘दिवंगत’.

मनवा सहावीत होती. शब्दाचा अर्थ तिला माहीत होता, तरी तिने तो तीनदा वाचला. तिच्या मागे उभी असलेली आई मटकन खाली बसली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं नाही. चार महिन्यांत तिचं रडून झालं होतं.

ही २०४२ सालची गोष्ट. आदल्या वर्षी दिवाळीनंतर आठ दिवसांनी कोकणकिनाऱ्यावर चक्रीवादळ आलं. मनवाचे बाबा महेंद्र तारी हे तांडेल (मच्छीमार नौकेचे प्रमुख) होते आणि त्या दिवशी ते समुद्रात होते. वादळाने शेकडो नौका उधळून लावल्या. कुणी दक्षिणेच्या एखाद्या बंदराला लागलं, कुणी उत्तरेला. कुणी बेशुद्ध होतं, कुणाला स्वतःचं नावही सांगता येत नव्हतं. छावण्यांतून आणि इस्पितळांतून अशा माणसांचे फोटो रोज गावच्या शोध केंद्रात येत. तिथलं ‘शोधक’ नावाचं यंत्र ते फोटो घरच्यांनी दिलेल्या फोटोंशी ताडून बघत असे. गेले चार महिने केंद्राच्या पडद्यावर बाबांच्या नावापुढे ‘नोंद झाली आहे’ एवढंच दिसायचं. आज सकाळी नवा पडदा बसवला, आणि त्यावर फोटो कुठल्या कप्प्यात ठेवलाय तेही दिसू लागलं.

“चल गो घराक,” आई म्हणाली. “आता हय काय ऱ्हवला नाय.”

मनवा जागची हलली नाही. तिच्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. बाबांचा देह कुणाला मिळाला नव्हता. नौकाही मिळाली नव्हती. कागद नाही, बघणारा कुणी नाही. मग यंत्राला कुठून कळलं?

“तू जा, आये,” ती म्हणाली. “मी दत्ताआजोंक विचारून येतंय.”

डॉक्टर दत्ताराम कोयंडे हे मनवाच्या आईचे मामा. पस्तीस वर्षं पुण्याच्या एका प्रयोगशाळेत ते यंत्रांना बघायला शिकवत होते. निवृत्त होऊन गावी आले तेव्हा लोकांना वाटलं, म्हातारा आता आंब्याची कलमं लावील आणि गप्पागजाली मारील. गजाली त्यांनी भरपूर मारल्या. पण वादळ झालं, तसं मच्छीमार सोसायटीच्या रिकाम्या शीतगृहात त्यांनी आठवडाभरात हे केंद्र आणि शोधक उभा केला. गावाला त्यांचा केवढा अभिमान. मनवा केंद्राच्या आतल्या खोलीत आली तेव्हा ते पेढा खात होते, नव्या पडद्याच्या उद्घाटनाचा.

तिने सगळं सांगितलं. त्यांनी उरलेला पेढा कागदात परत ठेवला.

“आजो, मशिनीक कसा कळला?”

“कळलं नाही,” ते म्हणाले. “त्याला कधीच काही कळत नाही, मनवा. ते अंदाज करतं.”

“मग ह्यो अंदाज खयसून इलो?”

आजोबांनी बाबांचा फोटो पडद्यावर घेतला आणि मोठा मोठा करत नेला. आधी चेहरा गेला, मग डोळे गेले, शेवटी नुसते चौकोन उरले. “हे चित्रकण (चित्रातले सर्वांत लहान ठिपके). शोधकला तुझे बाबा दिसत नाहीत, फक्त आकडे दिसतात. प्रत्येक ठिपक्याचे तीन आकडे: लाल किती, हिरवा किती, निळा किती. रंग मुळीच नसला की शून्य, पुरेपूर असला की दोनशे पंचावन्न.”

“नुसत्या आकड्यांवरसून माणूस कसो वळखतत?”

“बांगडा आणि तारली यांतला फरक तुला कुणी शिकवला?”

मनवाने आठवून पाहिलं. “कोणीच नाय. आयेवांगडा बाजारात बसान बसान कळलो.”

“म्हणजे उदाहरणं बघून. तू नाव सांगायचीस, चुकलीस की आई हसायची, पुढच्या वेळी तू नीट बघायचीस. याला यंत्रशिक्षण म्हणतात (नियम न सांगता, उदाहरणं दाखवून यंत्राला शिकू देणं). शोधकच्या पोटात लाखो वजनं आहेत, म्हणजे कुठल्या खुणेला किती महत्त्व द्यायचं ते ठरवणारे आकडे. मी फोटो दाखवायचो, ते उत्तर द्यायचं. उत्तर चुकलं की वजनं जराशी हलायची. पुन्हा फोटो, पुन्हा उत्तर. असं हजारो वेळा झालं, की त्याला फोटो कप्प्यांत लावता येतात. ते वर्गीकरण.”

“पण मेल्याल्या माणसांचो कप्पो कित्याक केलास तुमी?”

दत्ताआजो म्हणाले, “घराघरांतून फोटो आले ना, त्यांत भिंतीवरचे जुने फोटोही आले. पणजोबा, खापरपणजोबा. नातू हुबेहूब आजोबांसारखा असला, की शोधक आजोबांच्या नावाने घरी निरोप पाठवायचा. चाळीस वर्षांपूर्वी वारलेला माणूस छावणीत सापडला म्हणून. लोक रडायचे, चिडायचे. म्हणून मी दोन कप्पे केले: ‘दिवंगत’ आणि ‘शोधायचे’. कॉलेजच्या मुलांनी दोन हजार फोटोंवर चिठ्ठ्या लावून दिल्या आणि त्यावरून शोधक शिकला. दिवंगतांचा कप्पा आपण शोधातून वगळला.”

शेवटचं वाक्य म्हणताना त्यांचा आवाज उतरला. मनवाला अजून ते नीट समजलं नव्हतं.

“बाबांच्या फोटोत तेका काय दिसला?”

“ते त्याला तोंडाने सांगता येत नाही. पण झाकून बघता येतं. फोटोचा एकेक भाग काळ्या चौकोनाने झाकायचा आणि उत्तर बदलतं का ते पाहायचं. ज्या भागावाचून उत्तर बदलेल, त्याच भागाकडे ते बघत होतं.”

काळा चौकोन मनवाने स्वतः हलवला. आधी मागची भिंत झाकली. दिवंगत, खात्री सत्त्याण्णव टक्के. मग खांद्यावरची शाल. पंच्याण्णव. मग चेहरा. चेहऱ्यावर चौकोन ठेवताना तिचं बोट अडखळलं. दिवंगत, शहाण्णव टक्के. बाबांचा आख्खा चेहरा झाकला तरी यंत्राला काही फरक पडत नव्हता. तिने चौकोन खाली, छातीवर ओढला.

‘शोधायचे’, एक्क्याण्णव टक्के.

चौकोनाखाली झेंडूचा हार होता. दोन वर्षांपूर्वी बाबांनी भर समुद्रात बंद पडलेल्या दोन परक्या नौका ओढून आणल्या, तेव्हा सोसायटीने शाल, श्रीफळ आणि हार देऊन त्यांचा सत्कार केला होता. बाकी सगळ्या फोटोंत बाबा एक तर उन्हाने डोळे बारीक करून किंवा गंजिफ्रॉकमध्ये. म्हणून अर्ज भरताना आईने घरातला हाच चांगला फोटो निवडून दिला होता.

आजोबा उठले. नव्या पडद्यावर सकाळी घातलेला हार त्यांनी काढला, स्वतःच्या गळ्यात घातला आणि कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. यंत्राने क्षणात निकाल दिला. दिवंगत, अठ्ठ्याण्णव टक्के.

“घे,” ते म्हणाले. “मीही गेलो.”

एरवी मनवा पोट धरून हसली असती. आज दोघांपैकी कुणीच हसलं नाही.

“चूक त्याची नाही, माझी आहे,” आजोबा खुर्चीत टेकत म्हणाले. हार काढायचं त्यांना भान नव्हतं. “आपल्याकडे गेलेल्या माणसाच्या फोटोला हार घालतात. त्या दोन हजारांत दिवंगतांचे बहुतेक फोटो हारवाले आणि दुसऱ्या कप्प्यात हारवाला एकही नाही. यंत्राला सोपी वाट सापडली. मरण ते शिकलंच नाही, झेंडू शिकलं. आणि उत्तरं बरोबर येतायत म्हणून मी खूश होतो. पण माणूस हयात आहे की नाही, हे त्याच्या फोटोत नसतंच. जे चित्रात नाही ते चित्र दाखवून कसं शिकवणार? पस्तीस वर्षं हेच काम करणाऱ्या माणसाला एवढं कळायला हवं होतं.”

मनवाला आत्ता कुठे सगळं समजलं.

“म्हणजे चार म्हयने बाबांक कोणी शोधूकच नाय?”

“नाही.”

त्यांनी सबब सांगितली नाही. मनवाला ते टेबल उलथून टाकावंसं वाटलं. रोज सकाळी आई देवासमोर दिवा लावून म्हणायची, आज मशीन काहीतरी सांगेल. आणि मशीन बाबांकडे बघतसुद्धा नव्हतं.

“माका तुमचो राग इलो हा,” ती म्हणाली.

“धर राग. पण आधी शोध लावू.”

त्यांनी दिवंगतांचा कप्पा उघडला. बेपत्ता माणसांच्या अर्जांतले दोनशे चौदा फोटो त्यात अडकले होते. मुंडावळ्या बांधलेले नवरदेव, निरोपसमारंभातले गुरुजी, निवडून आलेले सरपंच, आणि बाबा. चार महिने त्यांना कुणी हाकच मारली नव्हती.

“आता वर्गीकरण नको, शोध,” आजोबा भराभर बोटं चालवत म्हणाले. “इथे शोधक फक्त चेहरा घेतो आणि त्याची अंकयादी करतो (चेहऱ्याची ठेवण सांगणारे एकशे अठ्ठावीस आकडे). हा त्या चेहऱ्याचा पत्ता समज. सारख्या चेहऱ्यांचे पत्ते जवळजवळ येतात, वेगळ्यांचे लांब. दाढी वाढली, माणूस वाळला, तरी पत्ता फार हलत नाही. छावण्यांतून आलेले नऊ हजार चेहरे आहेत. आपल्या प्रत्येक माणसाच्या सगळ्यांत जवळचे दहा पत्ते तो काढून देईल.”

दीड मिनिट लागलं. चार महिने आणि दीड मिनिट, मनवाच्या मनात आलं.

बाबांच्या नावाखाली दहा चेहरे उमटले. पहिल्याचं नाक थेट बाबांचं होतं. मनवा पडद्याजवळ सरकली. मग तिने कान पाहिला, हनुवटी पाहिली आणि मान हलवली. “हे बाबा न्हय.” दुसराही नव्हे, तिसराही. ती एकेक चेहरा बघत गेली. दहाव्यापाशी ती जास्त वेळ थांबली, पण ते बाबा असावेत म्हणून नव्हे. पुढे अकरावा नव्हता म्हणून.

“यंत्र नेहमी दहा देतं,” आजोबा हळूच म्हणाले. “त्यांत आपला माणूस नसला तरी देतं. जवळचा म्हणजे तोच असं नसतं. शेवटी ओळखायचं घरच्यांनीच.”

आजोबांनी घरोघर निरोप धाडले, आणि दोनशे चौदांपैकी तीन जण मात्र सापडले. त्यांतला एक सुशांत खडपकर, मुंडावळ्या आणि गुलाबाच्या हारातला नवरदेव. दक्षिणेकडच्या एका इस्पितळात तो डोक्याला पट्टी बांधून पडला होता. त्याची आई जेटीवर मासे निवडत होती. निरोप मिळाला तशी ती तशाच ओल्या हातांनी धावत आली, पडद्यावरच्या पोराच्या गालावरून हात फिरवला आणि शेजारी कोण उभं आहे हेही न बघता मनवाला मिठी मारली.

मनवा खांबासारखी उभी राहिली. तिला त्या बाईचा राग आला, खूप राग आला. मग स्वतःची लाज वाटली. राग मात्र गेला नाही.

खडपकरीण गेल्यावर आजोबांनी कामाला हात घातला. “एक तिसरा कप्पा करायचा,” ते म्हणाले. “‘माहीत नाही’ या नावाचा. खात्री नसली की यंत्राने तसं म्हणायला शिकलं पाहिजे. आणि त्या कप्प्यातल्या माणसांचा शोध थांबवायचा नाही. दिवंगत कोण ते यापुढे घरचीच माणसं सांगतील, यंत्र नाही. आता नव्याने शिकवायला नवी उदाहरणं लागतील. हारवाली जिवंत माणसं, बिनहाराची गेलेली.”

“चिठ्ठ्यो मी लावतंय,” मनवा म्हणाली.

पहिली चिठ्ठी तिने बाबांच्या फोटोवर लावली. माहीत नाही. हे दोन शब्द लिहायला तिला बराच वेळ लागला. त्यानंतर तिने दीडशे फोटो केले. उन्हं उतरली तेव्हा आजोबांनीच तिला उठवलं.

घरी पोचली तर दारात शेजारीण भेटली. काका येऊन गेल्याचं तिने सांगितलं. आत भिंतीवर बाबांचा फोटो होता आणि त्याला झेंडूचा ताजा हार घातलेला होता. समोर आई भिंतीला टेकून बसली होती. तिने मनवाकडे पाहिलं.

“गावले काय ते?”

“नाय.”

मनवाने स्टूल ओढलं, वर चढली आणि हाराला हात घातला.

“मगे हार कित्याक काढतंस?”

“बाबा गेले असा कोणाकच म्हायत नाय, आये. मशिनीक पन नाय. तेणा नुसतो हार बघल्यान.” मनवाचा आवाज आता फुटला. “इतके दिस बाबांक तेणा शोधूकच नाय. उद्या सकाळी नवे फोटो येतले, तवा बघतला.”

हाराचा दोरा खिळ्याला घट्ट बांधलेला होता. तिला तो सुटेना. आई उठली, स्टुलापाशी आली आणि हात उंच करून तिने गाठ सोडवली.