पांढऱ्या कड्यावरचा तोल

"भाऊजी, घरात चोरी झालीय," फोनवर वहिनी म्हणाल्या. "पण वस्तू जागच्या जागी आहे."

निवृत्त फौजदारांनी चहाचा कप खाली ठेवला. नोकरी सुटल्यापासून त्यांचा फोन वाजायचा तो बहुधा कुणाचा तरी नंबर चुकला म्हणून, आणि तेवढ्यात ते त्या माणसाला दोन वाक्यं जास्त बोलायला लावायचे. आजचा फोन मात्र खास त्यांच्यासाठी होता. चपला पायांत सरकवून ते निघाले.

वहिनी म्हणजे मिस्त्रींची बायको. मिस्त्री पूल नावाच्या, टेबलावर चेंडू मारायच्या खेळाच्या काठ्या, म्हणजे क्यू, घडवायचे. शिंपी अंगाचं माप घेतो तसं ते खेळाडूच्या हाताचं माप घ्यायचे. थंडीच्या दिवसांत ते गेले. फौजदार दर रविवारी त्यांच्याशी खेळायचे आणि दर रविवारी हरायचे. आता तोच रविवार संपता संपत नसे.

वहिनींनी कपाट उघडून क्यू बाहेर घेतली. मिस्त्रींनी शेवटच्या वर्षी स्वतःसाठी केलेली. काळसर लाकूड, मुठीला घट्ट दोरा आणि दोऱ्याच्या जरा पुढे एक पांढरं कडं.

"हे बघा." त्यांनी ते कडं एका बोटावर टेकवलं. क्यूचं पुढचं टोक सावकाश खाली झुकलं. "पुसून झाली की ते रोज अशी धरायचे. सरळ राहायची, तराजूच्या दांडीसारखी. ते गेल्यापासून मी धरते. आता राहत नाही. कुणीतरी हुबेहूब दुसरी आणून ठेवलीय."

"कधी लक्षात आलं?"

"मागच्या आठवड्यात, गुरुवारी संध्याकाळी. गुरुवारी दुपारी मी गुडघ्याच्या व्यायामाला दवाखान्यात जाते. या गुरुवारी गेलेच नाही. घर सोडायची भीती वाटते."

"घराची चावी कुणाकडे असते?"

"एक मुलाकडे. एक यांच्या भागीदारांकडे, मागच्या खोलीत त्यांचं काम चालतं ना अजून."

"मुलाला सांगितलंत?"

वहिनींनी क्यूवरून फडकं फिरवलं. जिथे फिरवलं होतं तिथेच पुन्हा फिरवलं.

"तो म्हणतो, आई, तुला भास होतात. उद्या डोक्याच्या डॉक्टरांकडे नेणार आहे. मग हे घर बंद करायचं आणि मी त्याच्याकडे जायचं. भाऊजी, मला वेड लागलं असेल तर तसं तोंडावर सांगा. पण लागलं नसेल, तर तेही कुणीतरी सांगायला हवं."

चोरीच्या तक्रारी फौजदारांनी जन्मभर लिहून घेतल्या होत्या, पण स्वतःचं डोकं शाबूत असल्याचा दाखला कुणी मागितला नव्हता.

त्यांनी क्यू कोपऱ्यात उभी केली. ती नीट उभी राहीना. तळाचं रबरी बूच एका बाजूने किंचित वर आलं होतं. मग त्यांनी चामड्याचं टोक पाहिलं. त्यावर खडू होता: खाली मुरलेला निळा, वर ताजा हिरवा.

"टोक तुम्ही पुसता?"

"छे. टोकाला हात लावायचा नाही, अशी ताकीद होती मला."

"ही संध्याकाळपर्यंत माझ्याकडे द्या," फौजदार म्हणाले.

पहिला नंबर वकिलाचा. त्याला नामी क्यू जमवायचा नाद होता, आणि मिस्त्रींच्या अंत्ययात्रेतच त्याने या क्यूसाठी मागणी घातली होती. भिंतभर काचेच्या कपाटांत त्याच्या क्यू झोपल्या होत्या. शिंपल्याची नक्षी, चांदीची तार, काय नि काय. फौजदारांनी एक उचलून त्याच्या टेबलावर चेंडू मारला. क्यूच्या दोन तुकड्यांमधला सांधा पोलादी होता. ठोका कोपरापर्यंत झणझणत आला, ताटावर चमचा आपटावा तसा.

"खेळता का हिने?"

"क्यू काय खेळायला असते?" वकील दुखावला. "तुम्ही पहिलेच. आता पुसावी लागेल."

"मिस्त्रींच्या घरी कधी गेला होतात?"

"दारापर्यंत. बाईंनी आत घेतलंच नाही."

त्याच्या एकाही क्यूच्या टोकाला खडूचा कण नव्हता. घर मात्र फार नीटनेटकं होतं, एकट्या माणसाचं असतं तसं. असला माणूस चोरी करील, पण चोरलेली वस्तू वापरणार नाही, असं फौजदारांना वाटलं.

भागीदार मागच्या खोलीत लेथवर वाकले होते. बाजूला जुनं टेबल, त्याच्या कडेला मिस्त्रींच्या निळ्या खडूचा डबा. भागीदारांची स्वतःची क्यू हलकी, पुढे निमुळती, मुठीला दोराही नाही. फौजदारांनी मारून पाहिली. चेंडू सांगितला तिथे गेला, पण हाताला काही कळलंच नाही.

"मुकी आहे ही," ते म्हणाले.

"मला तशीच बरी. बडबड करायला मिस्त्री होते."

"त्यांच्या क्यूची नक्कल कराल?"

"रूप करीन. ठोका कुठून आणू?"

"क्यू मागच्या बाजूला जड कशी करता?"

"बुचाच्या आत पोकळी असते, तिच्यात वजनाचा स्क्रू बसवायचा. हाताला जोर कमी असला की मागचं वजनच हात पुढे नेतं. नको असेल तर स्क्रू काढायचा आणि पोकळीत लाकडाची खुंटी ठोकायची. रिकामी ठेवली तर प्रत्येक ठोक्याला क्यू भुणभुणते. आमच्यात कच्चा माणूससुद्धा ती रिकामी ठेवत नाही, साहेब."

फौजदार तिथून खेळघरात गेले. दुपारी तिथे शुकशुकाट असतो. कोपऱ्यातलं टेबल त्यांचं आणि मिस्त्रींचं. टेबलाच्या कडेवर ठेवलेला हिरवा खडू त्यांनी टोकाला घासला आणि एकट्यानेच दोघांचा डाव मांडला. आधी स्वतःची पाळी, मग मिस्त्रींची.

पहिल्याच ठोक्याला त्यांचा हात थबकला. मऊ, जरा उशिरा तळव्यात उतरणारा ठोका. मिस्त्री बोलायचेही तसेच, क्षणभर थांबून. ही नक्कल नव्हती. फक्त ठोक्यामागून एक बारीक भुणभुण येत होती. डाव मिस्त्रींच्या पाळीने जिंकला. फौजदारांनी समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहून मान हलवली आणि बोटांवरचा हिरवा रंग रुमालाला पुसला.

संध्याकाळी वहिनींच्या घरी भागीदार आले, मुलगाही आला. मुलगा मोठ्या कचेरीतला, इस्त्रीच्या कपड्यांतला, थकलेला.

"काका, तुम्ही तरी आईला समजवा. एक काठी, तिच्यापायी जेवणखाण सोडलंय तिने."

"तुम्ही खेळता?"

"लहानपणी शिकवलं होतं बाबांनी. मग मी नोकरी धरली आणि त्यांनी माझ्याशी खेळाचं बोलणंच सोडलं. ही क्यू केली तेव्हा मी या घरात राहतही नव्हतो. हिला कधी हात लावलेला नाही."

"मग एवढी कपाटात ठेवून द्या," फौजदारांनी क्यू त्याच्यापुढे धरली.

मुलाने ती घेतली. त्याचा उजवा हात सवयीने मुठीवर मागे सरकला आणि तिथेच थांबला.

"जड झालीय," तो म्हणाला.

"कशापेक्षा?"

मुलाने क्यूकडे पाहिलं, मग आईकडे, आणि मग खाली मान घातली.

"वहिनी," फौजदार म्हणाले, "तुमची क्यू बदललेली नाही. पण तुम्हाला भासही झाला नाही. बुचाआडचा वजनाचा स्क्रू कुणीतरी काढला होता. मागचं वजन गेलं, म्हणून टोक झुकायला लागलं. बूच घाईत बसवलं, म्हणून ते वाकडं राहिलं. टोकावर हिरवा खडू, म्हणजे क्यू खेळघरात जाऊन आली. वकील खेळत नाहीत, आणि चावीही त्यांच्याकडे नाही. भागीदारांनी स्क्रू काढला असता तर पोकळीत खुंटी घातली असती, ती सवयच असते. ज्याच्याकडे चावी आहे, हाताला खेळ आहे, पण कारागिरी माहीत नाही, असा एकच माणूस उरला. थोड्या वेळापूर्वी भागीदारांनी माझ्यासमोर दुसरा स्क्रू बसवला. क्यू जड झाली, हे फक्त तिला हलकी करणाऱ्यालाच कळणार."

मुलाने खिशात हात घातला आणि एक लोखंडी स्क्रू टेबलावर ठेवला. आठवडाभर खिशात चाळवून तो चकाकायला लागला होता.

"दर गुरुवारी न्यायचो," तो म्हणाला. "कचेरीतून अर्धी रजा काढून. बाबांचा ठोका कसा लागतो ते बघायचं होतं. पण मागच्या वजनाने हात भरून यायचा. मागच्या खेपेला स्क्रू काढून खेळलो आणि परत बसवायला वेळ उरला नाही. पुढच्या गुरुवारी बसवणार होतो, तर तू घरातून हललीच नाहीस."

"आणि मला वेडी ठरवलंस," वहिनी म्हणाल्या.

"एकदा भास म्हणालो, आई. मग मागे येता येईना."

"डॉक्टरांची वेळ घेताना तरी यायचं होतंस मागे."

टेबलावरचा स्क्रू बोटाने फिरवत तो म्हणाला, "मला वाटायचं, बाबांचा हातच एवढा दांडगा. ही क्यू आपल्याला कधी पेलायचीच नाही."

भागीदारांनी फौजदारांकडे पाहिलं. उत्तर मात्र वहिनींनी दिलं.

"त्यांची बोटं वळत नव्हती शेवटी. शर्टाची बटणं मी लावायचे. हात चालत नव्हता म्हणून वजन घातलं होतं रे. तू येत असतास तर दिसलं असतं."

मुलगा खुर्चीत बसला आणि रडू लागला. एवढ्या इस्त्रीच्या कपड्यांत मोठा माणूस रडताना पाहायची कुणालाच सवय नव्हती. भागीदार उगाच खिडकी लावायला उठले.

वहिनींनी क्यू उचलून कडं बोटावर टेकवलं. ती सरळ राहिली. त्यांनी ती बराच वेळ तशीच धरली.

"उद्या डॉक्टरांकडे मी येणार नाही," त्या म्हणाल्या. "आणि हे घर बंद होणार नाही. क्यू न्यायची तर मी घरात असताना, मला विचारून ने."

"थांबा ना भाऊजी, चहा टाकते," फौजदार निघाले तशा त्या दाराशी येऊन म्हणाल्या. ते नको म्हणाले. आता तिथे परक्या माणसाचं काम नव्हतं.

घरी येऊन त्यांनी कुलूप काढलं, दिवा लावला. इतकी सरळ उकल वर्षानुवर्षांत जमली नव्हती. नेहमीच्या सवयीने त्यांनी फोन उचलला आणि मिस्त्रींचा नंबर लावायला घेतला. मग फोन खाली ठेवला.