जंगलात नाव घ्यायचं नाही

तीन कॅमेरे, तीन कार्डं आणि संध्याकाळच्या एस.टी.नं परत! कागदावर मोहीम एवढीच होती. उमरखेडच्या पलीकडे पैनगंगेच्या जंगलात झाडांना बांधलेले, समोरून काही गेलं की आपोआप फोटो काढणारे हे कॅमेरे महिनाभर उन्हात तळत उभे होते. तिसरा कॅमेरा पाणवठ्यावर होता. तिथं एक वाघीण पिल्लांना घेऊन येते अशी कुणकुण होती. तिचा एक फोटो मिळाला, की अनघाच्या संस्थेला ती दरी राखण्यासाठी पहिला खणखणीत पुरावा मिळणार होता.

सोबतचा मंदार आदल्या दिवशी ऊन लागून आडवा झाला. पुढच्या आठवड्यात जाऊ, असं तो कण्हत म्हणाला, पण पोरगी हट्टाची. यवतमाळच्या घरी वडील वामनराव चष्मा काढून म्हणाले, "जिल्ह्यात काय काय चाललंय ते ठाऊक आहे ना? रोज पेपर वाचतेस की नुसतं कोडं सोडवतेस?" आई रत्नप्रभानं दशम्या बांधून दिल्या आणि फोन चालू ठेवायचं वचन घेतलं. जंगलात रेंजच नसते, हे अनघानं काही तिला सांगितलं नाही.

सकाळी आठला ती फाट्यावर उतरली. भावसिंग नावाच्या तांड्यावरच्या माणसाशी संस्थेतून फोनवर ठरलं होतं, 'कॅमेऱ्यावाल्या मॅडम येतील' एवढंच. त्याची बायको लालीबाई घ्यायला येणार होती. तोवर अनघा चहाच्या टपरीवर बसली. शेजारी चौकडीच्या शर्टातला, हातात तांब्याचं जाड कडं घातलेला एक माणूस बशीतून चहा ओढत होता.

"कोन गावच्या मॅडम?"

"यवतमाळ."

"नाव काय म्हनलं?"

आता आपल्याकडे असं विचारणं म्हणजे चौकशी नव्हे, माणुसकी. आणि उत्तर न देणं म्हणजे माज. अनघा चांगल्या वळणाची मुलगी! तिनं नाव सांगितलं. काम सांगितलं. तीन कॅमेरे आहेत, शेवटचा पाणवठ्यावर, हेही सांगितलं. लालीबाईचं नाव सांगितलं. "एकट्याच?" या प्रश्नाला तर ती अभिमानानं "हो, एकटीच!" म्हणाली.

तेवढ्यात पाठीमागून कुणीतरी तिचं मनगट धरलं. पन्नाशीची, काटक, कमरेला कोयता खोचलेली बाई. लालीबाई! फाटा नजरेआड होईपर्यंत ती तिला ओढत चालली. मग थांबली आणि कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"किती सांगतं वं पोरी त्याले? आधार कार्ड काहून नाई देल्लं? थेही देऊन द्याचं होतं!"

"अहो, साधं विचारलं त्यांनी."

"साधंच विचारतेत सारे. आपुन म्हनाव, मावशीकडं चालली, मांगून मानसं येऊन राह्यले. झालं! खोटं बोलाचं पाप माह्या डोक्यावर."

"बरं, चुकलं. मी—"

"थांब!" लालीबाईनं तिच्या तोंडावर हात ठेवला. "नाव नोको सांगू. मले नाई पायजे. आता जंगल लागलं. तेंदूपान तोडाले जातो तवा आमी बाया एकमेकीचं नाव घेत नाई. नाव घेतलं का झाडाआडच्याले समजते. मंग थो त्याच नावानं बलावते."

"झाडाआडचा म्हणजे भूत?"

"भूत असन, नाईतं मानूस असन. दोघायलेही नाव नाई द्याचं. बाहेर निघू, मंग सांग."

नावाऐवजी काय, तर होल्याचा आवाज. दोन्ही तळहात जुळवून, अंगठ्यांच्या फटीत फुंकायचं आणि त्या पाखरासारखं घुमायचं. बोलावणारीनं तीनदा, उत्तर देणारीनं दोनदा. अनघानं वाटेनं पंचवीस वेळा फुंकलं. नुसती हवा निघाली. लालीबाई हसून हसून पळसाला टेकली.

पहिला कॅमेरा सुखरूप मिळाला. कार्डावर रोही, मोर आणि पाठ खाजवणारं एक अस्वल. उन्हं चढली. मे महिन्याचा सागवान पार उघडा पडलेला, आणि खाली सुपाएवढाली वाळकी पानं, पाऊल टाकलं की पापडासारखी मोडणारी. सावली म्हणून कुठं नव्हती. दोन बाटल्यांमधलं पाणी चहासारखं तापलं होतं.

दुसऱ्या कॅमेऱ्याचं कार्ड तिनं मोबाइलला जोडलं. सांबर. सांबर. रिकामी वाट. आणि पुढच्या फोटोत तीन माणसं, खांद्यावर सागाचं ताजं खोड. पुढच्या माणसानं खोडाला हात लावलेला. हातात तांब्याचं जाड कडं!

चेहरा लख्ख आला होता. हाच माणूस सकाळी तिच्या शेजारी बसून चहा ओढत होता. त्याला तिचं नाव माहीत होतं, काम माहीत होतं, ती एकटी आहे हेही माहीत होतं. आणि ती शेवटी कुठं जाणार, हे तिनंच त्याला सांगितलं होतं. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी असं तिला वाटलं.

"परत फीर," लालीबाई म्हणाली.

"मावशी, पाणवठा वीस मिनिटांवर आहे! वाघिणीसाठीच तर आले मी."

लालीबाईनं तिला खांद्याला धरून खाली बसवलं. "इथं बस. या करवंदीच्या जाळीत. मी पाहून येतो. जिकडून रस्ता मोकळा असन, तिकडून तीन डाव घुमतो. मी घुमल्याबिगर हालू नोको, देव आला तरी!"

ती गेली. तिच्या पावलांचा आवाजसुद्धा झाला नाही.

दहा मिनिटं गेली. पंधरा गेली. घाम डोळ्यांत उतरला, तो पुसायलाही अनघाचा हात उचलेना. आणि मग पाणवठ्याच्या बाजूनं हाक आली.

"अनघा मॅडम! ओ अनघा मॅडम!"

ती ताडकन उठणारच होती.

"लालीबाई पडली हो! पाय मोडला तिचा! तिनंच धाडलं मले. म्हने, अनघाले घेऊन ये!"

आवाजात काळजी होती. अगदी घरच्या माणसाची असावी तशी. म्हातारपणाकडं झुकलेली बाई, आपल्या हट्टापायी गेलेली, खरंच कुठं पडली असेल तर? आपण इथं जाळीत लपून बसायचं? तिनं एक गुडघा पुढं टाकला. पान मोडलं. कुर्रर्र!

आणि ती थिजली.

अनघाले घेऊन ये. लालीबाई असं म्हणेलच कशी? तिला नाव ठाऊकच नव्हतं! सकाळी तिनं ते ऐकूनच घेतलं नव्हतं. या जंगलात 'अनघा' हे नाव एकाच माणसाकडं होतं, आणि ते तिनं स्वतः, चहासोबत, त्याला दिलं होतं.

ती जमिनीला चिकटली. पावलं जवळ आली. पानं मोडत होती. वीस हात. पंधरा हात. फांद्यांच्या फटीतून चौकडीचा शर्ट दिसला. हातात कुऱ्हाड!

"मॅडम, भेता कायले?" आवाज अजून गोडच होता.

तेवढ्यात मागून, नाल्याच्या उताराकडून, होला घुमला. एकदा. दोनदा. तीनदा.

मावशी! जिवंत, धडधाकट, आणि पाणवठ्याच्या अगदी उलट दिशेला! पण उत्तर दिलं नाही तर ती शोधत इकडंच येईल. सरळ या कुऱ्हाडीसमोर. अनघानं तळहात जुळवले. तोंडाला कोरड पडलेली. फुंकलं, तर नुसती हवा. माणूस थांबला. त्यानं मान वळवली. तिनं ओठ चावले, जिभेवर थोडी लाळ आली, आणि डोळे मिटून तिनं पुन्हा फुंकलं.

घू... घू!

मग त्या माणसानं एक दगड उचलून वरच्या फांदीकडं भिरकावला. "होले लई माजले सालेहो!" असं पुटपुटत तो पुढं निघून गेला.

त्याची पावलं विरली तशी ती सरपटत नाल्यात उतरली. बूट काढून हातात घेतले. नाल्यातली वाळू तव्यासारखी तापली होती, पण आवाज करत नव्हती. वळणावर दरडीखाली लालीबाई उभी होती. तिनं अनघाला एकदा नुसतं छातीशी धरलं.

"दोघं बसले हायेत पान्यावर," ती कुजबुजली. "तुहा कॅमेरा तोडून घेतला त्यायनं. कार्डही गेलं."

अनघाच्या डोळ्यांत पाणी आलं. भीतीचं नव्हे, रागाचं. महिनाभराची मेहनत! ती वाघीण! तिनं पाणवठ्याच्या दिशेला पाहिलं, आणि लालीबाईला ते कळलं.

"पोरी, वाघीन उद्याही पान्यावर येईन. तू उरली तं तूही येशीन."

दोघी नाल्यानं खाली निघाल्या. चटके, काटे, घशाला कोरड. दोनदा लांब मोटारसायकल ऐकू आली आणि दोनदा त्या दरडीला चिकटल्या. तीन तासांनी सोयाबीनची रिकामी वावरं दिसली, आणि बांधावर ट्रॅक्टर घेऊन उभा असलेला भावसिंग. त्यानं लगेच वनखात्याला फोन लावला. दुसरं कार्ड, त्या लख्ख चेहऱ्यासकट, अनघानं तिथं आलेल्या त्यांच्या साहेबाच्या हातात दिलं.

संध्याकाळी फाट्यावर एस.टी.ची वाट पाहताना पानटपरीवाल्यानं विचारलं, "कोठच्या मॅडम? एकट्याच का?"

"मावशीकडं आले होते," अनघा म्हणाली. "ही काय मावशी. मागून मानसं येऊन राह्यले."

लालीबाईनं पदर तोंडाला लावला. हसू ओसरल्यावर ती जवळ सरकली. "आता निघालो बाहेर. सांग पोरी, नाव काय तुहं?"

अनघानं डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं. मग ती वाकली आणि तिच्या कानात आपलं नाव सांगितलं.