सात नंबरचा खण

बाळ भुकेनं रडत होतं. वहिनींना ते दार उघडण्याआधीच कळलं. भुकेच्या रडण्यात राग नसतो, नुसती घाई असते.

"बाटली तोंडात घेत नाही हो," बाळाचा बाप म्हणाला. घरं रंगवणारा माणूस; बोटांवर रंग तसाच वाळलेला. "सकाळी आठ वाजता लाँड्रीतून याच्या आईला कागद तपासणाऱ्या पथकानं उचललं. परकी समजून. माझी बायको इथेच जन्मली, बाई! ओळखपत्र घेऊन कामावर गेली होती, आता ते सापडत नाही. झेरॉक्स चालत नाही म्हणतात. सहाला गाडी सीमेकडे निघणार."

"तिलाच का?"

"आमच्या रंगाकडे बघा ना." तो हसल्यासारखा झाला.

वहिनी खासगी तपासाची कामं घेत. त्यांचे गोरेपान धाकटे दीर, भावोजी, गाडी चालवत आणि बहुतेक वेळा भलत्याच माणसावर संशय घेत. तीन वाजून गेले होते.

लाँड्री हॉस्पिटलच्या चादरी धुणारी. मध्ये भिंत, अलीकडे मळकी बाजू, पलीकडे स्वच्छ. भिंतीतल्या खिडकीमागे सुपरवायझर बसलेला: गोरा, घारा, अंगात पांढरा गाऊन, बोलणं गोड. मागे फळीवर कामगारांची कार्डं ठेवायचे, नंबर घातलेले लाकडी खण.

"वाईट झालं," तो म्हणाला. "पण तिनं आज कार्ड दिलंच नाही मला. घरी विसरली असणार. पथकालाही मी तेच सांगितलं."

"तुमच्या गाऊनला खिसा नाही?"

"कुणाच्याच नाही. टॉवेल जातात ना खिशातून! सुटताना झडतीही होते."

तिचा, सातवा खण रिकामा होता. पहिल्यावर 'सुपरवायझर' अशी चिठ्ठी. त्यात बसचा पास, कडेपासून जरा पुढे आलेला.

मळकी गाठोडी उतरवणारा ड्रायव्हर काळाकभिन्न होता, बोलण्याचा हेल वेगळा. "पथकानं मला दोनदा विचारलं. दोनदा कार्ड दाखवलं. बायको म्हणते, गळ्यातच बांधून टाका."

"स्वच्छ बाजूला जाता कधी?"

"मी? कार्ड खिडकीत ठेवल्याशिवाय गाऊन मिळत नाही, गाऊनशिवाय आत पाय नाही. मालक आला तरी हाच नियम."

बाजूला येताच भावोजी कुजबुजले, "हाच तो. बोलणं ऐकलंत त्याचं?"

"मी शब्द ऐकले, भावोजी. तुम्ही हेल ऐकलात."

उजळ रंगाच्या इस्त्रीवालीनं मोबाइल पुढे केला. दाराबाहेरून काढलेला फोटो. दोन वर्दीवाल्यांच्या मध्ये रंगाऱ्याची बायको, अंगात पांढरा गाऊन, छातीवर सात.

"पथकानं बाहेर नऊ जणांना विचारलं," ती म्हणाली. "मग खिडकीशी येऊन म्हणाले, आतल्यांची सगळी कार्डं काढा. तेवढ्यात ही बिनकार्डाची निघाली. तिला घेऊन गेले, बाकीची बघितलीच नाहीत."

"तुम्हाला विचारलं?"

"मला नाही. सुपरवायझरलाही नाही." तिनं मान खाली घातली. "मीही गप्पच बसले हो."

वहिनी खिडकीशी परतल्या. पाच वाजायला आले होते.

"साहेब, कार्डाशिवाय तिला गाऊन कुणी दिला?"

सुपरवायझरचं हसू तसंच राहिलं, डोळ्यांतलं मात्र गेलं.

"फोटोत ती सात नंबरचा गाऊन घालून आहे. म्हणजे कार्ड तुमच्या हातात आलं होतं. नियम मालकालाही सुटत नाही, पण तुमच्या खणात बसचा पास आहे. कारण ठेवायला तुमच्याकडे कार्डच नाही. सगळी कार्डं मागितल्यावर पहिला खण तुमचाच उघडा पडला असता. पथकाला रिकाम्या हातानं परतायचं नव्हतं. तुम्ही त्यांना पटेल असा चेहरा दिलात."

"हे... हे कसलं..."

"लपवायला दोन श्वासांचा वेळ. गाऊनला खिसा नाही, बाहेर नेलं तर झडती, आणि दिवसभर खिडकीपुढे माणसं. भावोजी, तो पास काढा."

भावोजींनी खिडकीतून हात घालून पास ओढला. त्यामागे, उभं, सात नंबरचं ओळखपत्र होतं.

"सोळा वर्षं झाली मला सीमेपलीकडून येऊन," सुपरवायझर कसाबसा म्हणाला. "माझीही मुलगी लहान आहे. मला वाटलं, ती खरंच इथली आहे, सुटेल चार दिवसांत."

"चार दिवस बाळानं काय प्यायचं?"

त्यानं ओळखपत्र खणातून काढून वहिनींपुढे धरलं.

"तुम्हीच नेऊन द्या. चुकून राहिलं म्हणा."

"तिथे गेलो तर परत येणार नाही मी!"

"याल," वहिनी म्हणाल्या. त्यात धीर देणं नव्हतं, कडवटपणा होता.

पथकाच्या कचेरीत सीमेकडे निघणाऱ्या गाडीचं इंजिन सुरू होतं. दारावर रंगाऱ्याला अडवलं. त्यानं बाळ एका हातात धरून कार्ड काढलं. आतल्या टेबलाशी पुन्हा काढलं. सुपरवायझर पुढे होताच अधिकारी मात्र खुर्चीतून अर्धा उठला.

"या साहेब, बसा. पाणी घेणार?"

ओळखपत्र टेबलावर आलं. अधिकाऱ्यानं ते उलटसुलट पाहिलं. "असं होय! आधी सांगायचं ना बाईंनी."

"सांगत होते मी," आतून येत ती म्हणाली. आवाज बसला होता. तिनं बाळ ओढून घेतलं, भिंतीकडे पाठ करून पदर घेतला, आणि रडणं एकदम थांबलं.

त्या शांततेत अधिकारी रंगाऱ्याकडे वळला. "तुमचं कार्ड?"

त्यानं तिसऱ्यांदा काढलं. सुपरवायझर खुर्चीत थिजून बसला होता, हातातल्या पाण्याला तोंड न लावता. त्याला कुणी काहीच विचारलं नाही.

बाहेर गाडीपाशी भावोजींनी खिशावरून हात फिरवला. खिसा रिकामा होता.

"वहिनी," ते म्हणाले, "मी कार्ड घरीच विसरलोय. मलाही कुणी विचारलं नाही."