नवव्या पानावरचा विराम

त्या दुपारी धाकटा झेरॉक्सच्या दुकानात गेला होता, नव्या संगीतरचनेच्या तीन प्रती बांधून आणायला. पान उलटताना आवाज होऊ नये म्हणून कागद मऊ हवा आणि वही सपाट उघडी राहायला हवी, हे तो आदल्या दिवशी दोनदा समजावून आला होता. दुकानदारानं नवव्या पानावर बोट ठेवलं आणि इथे कोरं राहिलंय, छपाई चुकली का, असं विचारलं. धाकटा म्हणाला, चुकली नाही, तिथे थांबायचंय.

"किती वेळ?"

"तेच लिहिलेलं नाही."

त्यांचं त्रिकूट घरातलंच होतं. पियानोवर थोरली बहीण, म्हणजे ताई, चेलोवर हा, आणि व्हायोलिनवर ताईचा नवरा. गेल्या वर्षी त्यांना मोठा पुरस्कार मिळाला, आणि तो देणाऱ्या संस्थेनं एका वयस्कर संगीतकाराकडून खास या तिघांसाठी रचना लिहून घेतली. पण ती हातात आली तेव्हा भावोजींना जाऊन आठ महिने झाले होते.

या तिघांची एक रीत होती. सुरुवातीचा इशारा कुणी मानेनं किंवा हातानं द्यायचा नाही. भावोजी नाकानं झटकन श्वास आत ओढायचे आणि त्यावर तिघे एकदम सुरू व्हायचे. तो श्वास येईपर्यंत ताई स्वतःचा रोखून धरायची. अठरा वर्षांची सवय. तुझा सगळा संसार भावोजींच्या नाकावर चाललाय, असं धाकटा तिला चिडवायचा, आणि भावोजी मुद्दाम नाक शिंकरून दाखवायचे.

त्यांच्या जागी आलेल्या बाई हुशार होत्या, स्वभावानं मोकळ्या होत्या. त्या इशारा द्यायच्या व्हायोलिनच्या गजाच्या टोकानं. त्यांच्या श्वासाचा आवाज कधीच यायचा नाही.

पहिल्या तालमीत नववं पान आलं. व्हायोलिनचा लांबलेला सूर हळूहळू विझला. आता बाईंच्या इशाऱ्यावर पियानो आणि चेलोनं एकत्र सुरू व्हायचं होतं. पंखा बंद होता. गालिच्यातून उबट, धुळकट वास येत होता. मग श्वास आला, नाकातून, झटकन, आणि ताई नि धाकटा केसाचंही अंतर न ठेवता एकदम सुरू झाले.

बाईंनी व्हायोलिन खाली घेतलं. "मी अजून इशारा दिलाच नव्हता," त्या म्हणाल्या.

तिघं हसली. ताई जरा उशिरा हसली.

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तिसऱ्या दिवशी धाकट्यानं घड्याळ मांडीवर ठेवलं. पहिल्यांदा सहा सेकंद गेले होते, असा त्याचा अंदाज होता. आता अकरा गेले. पुढच्या आठवड्यात वीस, मग एकतीस. बाईंचा गज हलला तरी ताई श्वासासाठीच थांबायची; दर वेळी तो यायचा, पण उशिरा यायचा. आणि तेवढा वेळ ताई पट्ट्यांवर बोटं टेकवून, ओठ मिटून बसलेली असायची. एकतीसच्या दिवशी तिच्या नखांचा रंग उतरलेला त्यानं पाहिला.

घरी त्यानं भीत भीत विषय काढला. डॉक्टरकडे जाऊ म्हणाला, कार्यक्रम पुढे ढकलू म्हणाला. ताई कपड्यांच्या घड्या घालत होती.

"आता त्याला घाई नाही रे," ती म्हणाली. "मी थांबते ना. तू कशाला काळजी करतोस..."

मग त्यानं बाईंना गाठलं आणि चाचरत सगळं सांगितलं. बाईंनी वेड्यात काढलं नाही. मलाही ऐकू येतं, एवढंच म्हणाल्या. कार्यक्रमात चौथ्या सेकंदाला त्यांनीच मोठ्यानं श्वास ओढायचा, असं ठरलं.

कार्यक्रम रविवारी सकाळी होता. उंच खिडक्यांतून ऊन आत आलं होतं, सभागृह भरलं होतं. नववं पान आलं. सूर विझला. चौथ्या सेकंदाला बाईंनी श्वास ओढला, चांगला पहिल्या रांगेला ऐकू जाईल असा.

ताई हलली नाही. तो श्वास तिच्या ओळखीचा नव्हता.

धाकटा मनात मोजत राहिला. तीस. चाळीस. कुणी खोकलंसुद्धा नाही. पन्नासाला ताईचे ओठ निळसर दिसले आणि तिच्या तोंडावर मात्र समाधान होतं. श्वासाआधी आपण सुरू व्हायचं नाही, हे त्याच्या हाडांत मुरलं होतं. साठाव्या सेकंदाला त्याला उमगलं, आज तो श्वास येणारच नाही. भावोजींना ताईला तिकडेच थांबवून ठेवायचंय.

त्यानं गज उचलला आणि एकट्यानंच तारेवर ओढला, इतक्या जोरात की सूर फाटला.

ताईनं पाण्यातून वर आल्यासारखा मोठा श्वास घेतला आणि तिचे हात पट्ट्यांवर कोसळले. रचना शेवटास गेली. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. पण धाकट्याचं तिकडे लक्ष नव्हतं. त्याचा सूर फाटला त्याच क्षणी त्याच्या मानेमागे कुणीतरी श्वास सोडायला लागलं होतं. अठरा वर्षांत त्यानं भावोजींचा श्वास फक्त आत जाताना ऐकला होता. हा बाहेर येत होता, सावकाश, एकसारखा... आणि संपत नव्हता.

बाई त्यांच्या गाडीनं गेल्या. ही दोघं आपल्या गाडीत बसली, मागच्या सीटवर चेलो आडवा. ताई आधी रडली, थोडंच राहिलं होतं रे, म्हणाली. मग भूक लागलीय म्हणाली, भावोजी गेल्यापासून पहिल्यांदा. धाकट्याला इतकं हायसं वाटलं की तो वाटेत काहीबाही बडबडत सुटला. ती हसतही होती.

सिग्नलला गाडी थांबली. ताईनं केस नीट करायला समोरचा आरसा आपल्याकडे वळवला आणि बोलता बोलता गप्प झाली. त्यानं मागे वळून पाहिलं. बाहेर कडक ऊन होतं. मागची काच आतून एका ठिकाणी वाफेनं धुरकट झाली होती, बशीएवढी. बघता बघता ताटाएवढी झाली.

"ताई," तो म्हणाला.

ती आरशात बघत होती. ओठ मिटलेले. हात मांडीवर, बोटं पट्ट्यांवर टेकवल्यासारखी.

त्यानं हॉर्नवर हात दाबला आणि दाबूनच धरला. पुढच्या गाड्यांतली माणसं वळून पाहायला लागली. दिवा हिरवा झाला. काचेवरचा डाग पसरतच होता, आणि ताईची छाती अजून हलली नव्हती.