अभयमाळावरची हाक

अभयमाळावर कोणी कोणाला भीत नसे. माळ उभारला होता तोच त्यासाठी. चारी बाजूंनी गुळगुळीत पत्र्याचं उंच कुंपण होतं. रानमांजराला चढता येऊ नये म्हणून त्याची वरची कड बाहेरच्या अंगाला वळवलेली होती, आणि मुंगसाला खालून उकरता येऊ नये म्हणून पाया खोल गाडलेला होता. आतली खोकडं, कोल्हे, घोरपडी सरकारच्या अभय प्रकल्पानं एकेक करून पकडल्या आणि दूर नेऊन सोडल्या. आभाळालाही सवलत नव्हती. एखादा ससाणा घिरट्या घालू लागला, की एक ड्रोन गुरगुरत वर जाई आणि त्याला हुसकावून लावी.

एवढा बंदोबस्त ज्याच्यासाठी होता तो तणमोर दिसायला काही फार मोठा नाही. लांब पायांचा, कोंबडीएवढा, गवतात राहणारा पक्षी. पावसाळ्यात त्याचा नर गवताच्या वर उंच उड्या मारतो, मादीनं आपल्याला पाहावं म्हणून. देशातले बाकीचे माळ नांगराखाली आणि सौरतक्त्यांखाली गेले, तेव्हा उरलेसुरले सगळे तणमोर वाशीमकडच्या या एका माळावर आणून ठेवले होते.

माणूस आणि माणसाची कुत्री हेही शिकारीच, असं ठरवून प्रकल्पानं शेजारचं पिंपळशेंडा गाव उठवलं आणि हमरस्त्याच्या पलीकडे वसवलं. गावातली एकच बाई मागे राहिली, रिद्धी खंडारे. ती माळाची राखणदार होती. तिचा नवरा गाव उठायच्या आधीच गेला होता आणि मूलबाळ नव्हतं, त्यामुळे तिच्याबरोबर हलवायचं असं कुटुंब नव्हतंच. सरकारी दोन खोल्या, मागे उबवणघर, आणि समोर नजर पोचेल तिथपर्यंत गवत. सामानाची गाडी येई, तीसुद्धा बिनड्रायव्हरची. रिद्धी तिच्याशीही दोन शब्द बोलून घेई.

आणि एवढं सगळं करून तणमोर कमीच होत चालले होते.

प्रकल्पाला हे पटायला फार वेळ लागला. संख्या घटली की कुंपण वाढवायचं आणि ड्रोन वाढवायचे, हा त्यांचा ठरलेला उपाय होता. पण आत शिकारी उरलाच नव्हता. माद्या अंडी घालत त्या उघड्या मुरमावर, भर उन्हात, आणि ती तिथेच शिजून जात. पिल्लं बाहेर आली तर ती आईपासून वाटेल तिकडे पांगत आणि संध्याकाळपर्यंत तापून मरत. म्हणून मग अंडी उचलून उबवणघरात ठेवायची, पिल्लं वाढवायची आणि माळावर सोडायची, असा रिवाज पडला. हे सगळं काम रिद्धीकडे होतं.

उबवणघरात एक नियम होता. अंडी फिरवताना आणि पिल्लांना भरवताना तोंडातून शब्द काढायचा नाही, डोक्यावरून तपकिरी बुरखा घ्यायचा आणि चोचीच्या आकाराच्या चिमट्यानं किडे भरवायचे, म्हणजे पक्ष्याला माणसाची ओळख होत नाही. रिद्धीनं बुरखा घेतला, चिमटा वापरला, पण गप्प बसणं काही तिला जमलं नाही. दिवसभरात बोलायला दुसरं होतं कोण? अंडं फिरवता फिरवता ती त्याला रात्रीचं स्वप्न सांगे, भाजीत मीठ जास्त पडल्याचं सांगे. पिल्लांना खायला बोलवायची तिची हाक ठरलेली होती, "ये व माय". तीन ठोके, शेवटचा लांबवलेला. मोठे होऊन माळावर गेलेले पक्षीही ती हाक ऐकली की गवत तुडवत धावत येत. त्यातली ठमी नावाची एक मादी तर थेट उंबऱ्यावर येऊन बसे आणि तांदूळ निवडणाऱ्या रिद्धीकडे मान वाकडी करून पाही.

डॉक्टर अद्वय केळुसकर पहिल्यांदा आले तेव्हा ठमी त्यांच्या बुटावर चढून बसली.

केळुसकर पक्ष्यांच्या वागण्याचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ होते, रिद्धीपेक्षा पंधराएक वर्षांनी लहान. बरेच दिवस ते नुसते माळावर फिरले. मग एका सकाळी उबवणघरात येऊन त्यांनी तिला एक अंडं दिव्यासमोर धरायला लावलं. आत पिल्लाची सावली हलत होती.

"आता काहीतरी बोला," ते म्हणाले.

चोरी पकडली गेली, हे रिद्धीच्या ध्यानात आलं.

"रागवायला नाही आलो, ताई. बोला."

"ये व माय," ती हळूच म्हणाली. सावली झटकन तिच्या बाजूला वळली.

केळुसकर तिथेच स्टुलावर बसले आणि समजावून सांगू लागले. "पिल्लू कवचाच्या आतून ऐकतं. जंगलात आईला कोल्हा दिसला की ती एक खास आवाज काढते, आणि अंड्यातलं पिल्लूसुद्धा हलायचं थांबतं. बाहेर आल्यावर तोच आवाज ऐकला की ते गवतात दबून बसतं. याला मी भयवारसा म्हणतो. भीती रक्तातून येत नाही. ती आईच्या आवाजातून पिल्लाकडे जाते. आपण इथले शिकारी काढून टाकले, मग आईला ओरडायचं कारण उरलं नाही. एक पिढी गप्प राहिली आणि वारसा तुटला."

"तुटला तं बरंच झालं ना. भ्यायचं कायले?"

"सावलीत बसायला. जी मादी भिते ती दाट गवतात घरटं करते, तिथं ऊन लागत नाही. जे पिल्लू भितं ते आईला चिकटून राहतं. यांना दातांपासून वाचवता वाचवता आपण उन्हाच्या तोंडी दिलं."

रिद्धीनं अंडं जपून खाली ठेवलं. "मंग एखांदं खोकड सोडा आत."

"प्रकल्पानं सोडलं होतं, मागच्या साली. तुम्ही दवाखान्यात होता तेव्हा."

त्या आठवड्यात इतके पक्षी कसे गेले, ते तिला आता कळलं. परत आल्यावर, पक्ष्यांत साथ आली होती, असं तिला सांगितलं होतं.

"पक्षी त्या खोकडाला बघायला जवळ गेले," केळुसकर म्हणाले. "आणि खोकड काही एकावर थांबत नाही. आम्ही जुन्या ध्वनिफितीतला धोक्याचा आवाजही ऐकवून पाहिला. पक्षी कर्ण्याशेजारी जाऊन बसले. त्या आवाजामागे कधी कोणी मेलंच नव्हतं ना. मला असा शिकारी हवाय जो एकाला सगळ्यांदेखत मारेल आणि मग थांबेल. आणि ज्याची चाहूल प्रत्येक पक्ष्याच्या कानात अंड्यात असल्यापासून बसलेली असेल."

एवढं बोलून ते दिव्याकडे पाहत राहिले. रिद्धीला पुढचं सांगावं लागलं नाही.

दोन दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी चहा घेऊन ती त्यांच्या तंबूपाशी गेली.

"नाई केलं तं?"

"पाच-सहा पावसाळे. मग एकही तणमोर नाही."

"तुमी करा. बुरखा घाला अन् करा."

"मला ते ओळखत नाहीत, ताई. उद्या मला भितील, परवा विसरतील. तुमचा आवाज त्यांच्या जन्माच्या आधीचा आहे."

"म्हंजे मी बोलली नसती तं हे माझ्यावर आलंच नसतं."

"तुम्ही बोलला नसता तर यांना वाचवायला काहीच हातात नसतं," केळुसकर म्हणाले. ते खरं होतं, पण त्यानं तिला काडीचंही बरं वाटलं नाही.

तिनं चहाचा कप उचलला, पुन्हा ठेवला. "पुढं विसरतीन का मले? म्हंजे भ्यायचं. पुढं खोकड आलं, त्याले भ्यायले शिकले, मंग मले भ्यायची काय गरज?"

"विसरतील, बहुतेक," ते म्हणाले. त्या 'बहुतेक'वर तिनं आपला सगळा भार टाकला.

सकाळी ती बुरखा न घेता माळावर गेली. केळुसकर लांब, कुंपणाशी थांबले. तिनं हाक दिली तशी चोहीकडून गवत हललं आणि पक्षी धावत आले. सगळ्यांत पुढे ठमी होती. दुसरं कोणी पुढे असतं तर बरं झालं असतं, पण हाकेला पहिली धावायची ती ठमीच. रिद्धीनं तिला उचललं. ठमी हातात आली आणि मान तिरपी करून पाहू लागली, रोजच्यासारखी.

केळुसकरांनी सांगितलं होतं, पक्ष्यानं ओरडायला हवं, एकदम संपवू नका. रिद्धीनं त्यांचं ऐकलं. हातानं ते काम करत असताना तिला तोंडानं पुन्हा पुन्हा तीच हाक द्यायची होती, आणि तिनं ती दिली. बाकीचे पक्षी आधी नुसते पाहत राहिले. मग एक म्हातारी मादी मागे सरकली आणि सगळा माळ उधळला. बघता बघता रिद्धीच्या भोवती एक पक्षी उरला नाही.

केळुसकर धावत आले तेव्हा त्यांचा चेहरा आनंदानं फुलला होता. तिच्या हातात काय आहे ते दिसल्यावर ते थांबले. "मी पुरतो तिला," ते म्हणाले.

"हात लावू नोका," रिद्धी म्हणाली.

काम एका दिवसाचं नव्हतं. भीती ताजी ठेवावी लागते. रोज संध्याकाळी तिनं माळावर जायचं, हाक द्यायची आणि जो दिसेल त्याच्या अंगावर धावून जायचं. पुन्हा कोणाला मारावं लागलं नाही. पहिल्या दिवसांत एखादा वेडा पक्षी अजून तिच्याकडे येई, आणि त्याच्यावर दगड भिरकावताना तिला रडू फुटे. त्याच्या अंगाला लागू नये इतपत लांब ती तो फेके. पुढे पुढे हाक पुरी व्हायच्या आत माळ रिकामा होऊ लागला.

त्या पावसाळ्यात माद्यांनी उंच गवतात घरटी केली. पुढच्या पावसाळ्यात उबवणघराला कुलूप लागलं. मग प्रकल्पानं कुंपणाचा एक पत्रा काढून खोकडाची एक जोडी आत सोडली. त्यांनी दोन-चार पक्षी उचलले, बाकीचे दबून बसले आणि वाचले. ड्रोन काढून नेले. मंत्री येऊन फोटो काढून गेले. फोटोत रिद्धी नव्हती, कारण तिला पाहून पक्षी पळाले असते. ती खोलीत बसून होती. हल्ली ती खोलीतही बोलत नसे. खिडकीपासून घरटी फार लांब नव्हती आणि अंड्यांना ऐकू जातं, हे तिला माहीत होतं.

बऱ्याच काळानं केळुसकर परत आले. ते आता प्रकल्पाचे मुख्य झाले होते आणि कानशिलावर पांढरं दिसू लागलं होतं. त्यांनी पिंपळशेंड्याच्या नव्या वस्तीत तिच्यासाठी घर पाहून ठेवलं होतं.

"तुमचं काम झालं, ताई. त्यांना भिववायला आता खोकडं आहेत."

"मंग विसरले असतीन मले," रिद्धी म्हणाली. बोलायची सवय मोडल्यामुळे तिचा आवाज फाटका येत होता. "तुमी म्हनलं होतं."

केळुसकरांनी खिशातून ध्वनियंत्र काढलं, हातात फिरवलं आणि ते पुन्हा आत ठेवू लागले.

"ऐकवा," ती म्हणाली.

त्यांनी कळ दाबली. गवताची सळसळ, मग एका मादीचा घोगरा आवाज. तीन ठोके, शेवटचा लांबवलेला.

"हे कशाचं हाय?"

"हा त्यांचा धोक्याचा आवाज आहे. जुन्या ध्वनिफितीत असा नव्हता, तो तर हरवलाच होता. मला वाटलं होतं ते नवा आवाज घडवतील. पण भीती म्हणजे काय, हे यांना एकाच आवाजानं शिकवलं होतं. त्यांनी तोच घेतला. खोकड दिसलं तरी हाच, साप दिसला तरी हाच. आया अंड्यांवर बसून हाच काढतात." ते जरा थांबले. "हा आता पुसला जायचा नाही. तुम्ही गेलात तरी, मी गेलो तरी."

रिद्धीनं ते पुन्हा एकदा ऐकलं. मग यंत्र परत दिलं. "घर नको," ती म्हणाली. "मी इथंच बरी हाय."

केळुसकरांनी बराच वेळ समजूत घातली. शेवटी त्यांची गाडी कुंपणाबाहेर गेली. ऊन उतरलं होतं. रिद्धी उंबऱ्यावर येऊन उभी राहिली, आणि समोरच्या गवतातून एका मादीनं तिला पाहिलं.

"ये व माय," गवतातून आवाज आला. त्याच्यापुढे दुसरीनं तोच दिला, मग तिसरीनं, पार माळाच्या टोकापर्यंत. गवतात पिल्लं दबली असतील, अंड्यांतली हलायची थांबली असतील, हे रिद्धीला ठाऊक होतं. त्या हाकेचा अर्थ तिच्याइतका कोणाला ठाऊक होता? पण गाव उठल्यापासून तिला 'ये' असं कोणी म्हटलं नव्हतं.

तिनं चपला घातल्या आणि ती आवाजाच्या दिशेनं निघाली.