भूगोलाच्या सरांचा उजवा हात

भंगारवाल्याच्या दुकानासमोर माझे पाय जागच्या जागी थिजले. भूगोलाचे सर एक जुना, छोटेखानी टाइपरायटर उचलून खालून निरखत होते. उजव्या हातानं. उजव्या!

काल संध्याकाळी माझ्या दवाखान्यात याच हातानं त्यांना साधा रबरी चेंडू दाबवत नव्हता. मनगट मोडलं, प्लास्टर निघालं, पण बोटं काही वळेनात. मी त्यांची फिजिओथेरपिस्ट. हात टेकले होते मी. सोमवारी त्यांना सर्जनकडे पाठवायचं ठरवलं, आणि त्या काळजीनं घास उतरला नव्हता माझ्या घशाखाली.

"सर!"

ते दचकले. टाइपरायटर निसटला... आणि त्यांनी तो अलगद झेलला — त्याच हातानं!

"अं... मॅडम... जुने टाइपरायटर जमवतो मी. छंद आहे."

"छंद गेला खड्ड्यात! हात कधी बरा झाला?"

"झाला असेल महिना." शाई लागलेली बोटं त्यांनी पाठीमागे लपवली. "यांची बटणं फार कडक हो. करंगळीनंसुद्धा ठोकावं लागतं, नाहीतर अक्षर उमटत नाही. गंज घासायचा, तेल घालायचं, मग पानभर टाइप करून बघायचं... बोटं कधी सुटली, कळलंच नाही."

चेंडू बघितला की जांभया देणारा माणूस भंगारानं बरा झाला!

"मग माझ्यापुढे सोंग कशाला? चांगल्या हातावर सुरी फिरली असती!"

"सोमवारच्या आत सांगणारच होतो. म्हणजे... धीर झाला असता तर." त्यांनी हळूच वर पाहिलं. "बरा झालो म्हटलं की तुम्ही सुट्टी देणार. मग तुमचं रागावणं कुठून ऐकू?"

मी उगाच त्या टाइपरायटरचं एक बटण दाबून पाहिलं.

"आणि राग मानू नका, पण बाकीच्यांना अर्धा तास, मला मात्र तास... सव्वा तास. ते का?"

खरा धक्का मला आता बसला. उत्तर मला ठाऊक होतं — आणि ते मी स्वतःलासुद्धा कधी कळू दिलं नव्हतं.

"आजपासून तुम्ही माझे पेशंट नाही," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा खर्रकन उतरला.

"पेशंटच्या घरी मी जात नाही. आणि मला तुमचे टाइपरायटर बघायचेत. आत्ता."

"आ... आत्ता?" धडपडत त्यांनी घरी फोन लावला. "आई, हाताच्या मॅडम येताहेत आपल्याकडे..."

पलीकडचा आवाज अख्ख्या रस्त्याला ऐकू गेला. "अगं बाई! सांगितलंस एकदाचं? मला वाटलं, आता दुसराही हात मोडून घेतोस की काय!"