थांब, माझं व्हायचंय

कवळ्या बनवणं हा माझा धंदा. त्या दुपारी एका निवृत्त न्यायाधीशांची कवळी पोहोचवायला निघाले होते. तीन तासांचा रेल्वेप्रवास, बाहेर दाट धुकं, डबा जवळजवळ रिकामा. मी अगदी शेवटचं बाक धरलं. पाठीला थेट डब्याची भिंत. सोबत एक छोटीशी कादंबरी होती, अठराव्या वर्षी वाचलेली.

त्यातल्या शिंपिणीचा मुलगा भांडून घर सोडतो. ती दरवर्षी त्याच्या सदऱ्याची बाही बोटभर वाढवते. 'वाढला असेल आता,' म्हणते. तेव्हा मी या बाईला खुळी ठरवून हसले होते. आता मात्र दुसऱ्या वर्षापाशीच डोळे भरून आले. माझाही मुलगा दोन वर्षांपूर्वी तणतणत निघून गेला होता, आणि 'गरज असेल तर करील फोन' म्हणत मी ताठ बसले होते.

डोळे पुसून पान उलटायला बोट लावलं, तोच कानाशी कुणीतरी म्हणालं,

"थांब... माझं व्हायचंय."

वळून पाहिलं. भिंत. सोलवटलेला हिरवा रंग, जुन्या तेलाचा वास. बस्स.

खरं सांगते, भ्यायला हवं होतं. पण भीतीपेक्षा कुतूहलच मोठं झालं. मी पान तसंच धरून ठेवलं. बऱ्याच वेळानं मानेवर गार उसासा आला. "हं..."

उलटलं. पुढच्या पानाला मुद्दाम घाई केली.

"थांब ना..."

माझ्याहून सावकाश वाचणारं होतं कुणीतरी. अक्षर अक्षर लावत. मग मीच हलक्या आवाजात वाचून दाखवू लागले. उसासे थांबले. ऐकत होतं ते.

शेवटी शिंपीण मुलाची वाट पाहतच मरते. सदरा शिवणयंत्रावर तसाच, बाह्या जमिनीपर्यंत लोंबणाऱ्या. तिथे मी पुस्तक मिटलं. मागे कुणीतरी हुंदका गिळला.

"कोण आहेस?" मी पुटपुटले.

गाडीचा वेग मंदावला. तिकीट तपासनीस आला.

"बाई, शेवटचं स्टेशन. तुमच्याबरोबरच्या कुठे गेल्या?"

"कोण?"

"त्या... मघाशी तुमच्या खांद्यावर हनुवटी टेकून..." तो अडखळला. त्यानं माझ्यामागच्या भिंतीकडे पाहिलं. "उतरा तुम्ही. लवकर उतरा."

फलाटावर उतरले. न्यायाधीश, त्यांची कवळी, सगळं राहू दे बाजूला. आधी मुलाला फोन लावला. त्यानं लगेच उचलला.

"आई?"

"माझंच चुकलं रे. ये ना घरी."

तो गहिवरून म्हणाला, "येतो. शनिवारीच येतो."

मला रडूही येईना, हसूही. तेवढ्यात त्यानं आवाज खाली आणला.

"आई, तू एकटीच आहेस ना?"

"हो. का रे?"

"मग... तुझ्यामागे कोण रडतंय?"